वीस हजार वेळा काही झालं नाही

मंडळी, पोस्ट मोठी आहे. निवांत असाल तेव्हा वाचा, पण वाचा. खरीप तोंडावर आलाय, खताच्या रेक लागायला लागल्यात, गावोगावची गोदामं भरतायत. म्हणून आत्ताच लिहितोय.

मागच्या आठवड्यात मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्याने चाललो होतो. एका खताच्या गोदामासमोर दोन हमाल ढेप झालेल्या गोण्या पहारीने फोडत होते. गेल्या हंगामातला शिल्लक माल, ओल धरून दगड झालेला. शेजारी जनरेटरसाठी आणलेला डिझेलचा कॅन, झाकण उघडं. आणि शटरच्या पट्टीला वेल्डिंग चालू. ठिणग्या पडतायत त्या थेट थप्पीच्या पायाशी. न राहवून मालकांना म्हटलं, "अहो, निदान वेल्डिंग होईपर्यंत तो कॅन तरी लांब ठेवा." ते हसले. म्हणाले, "वीस वर्षं हेच करतोय भाऊ. आजवर काही झालं नाही."

माणूस चांगला आहे. अडल्यानडल्याला उधारीवर खत देतो, पैशासाठी कोणाला दारात उभं करत नाही. आणि त्या दिवशीही काही झालं नाहीच. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण हाच हिशेब मी आधी वाचला होता. शंभर वर्षांपूर्वीच्या, जर्मनीतल्या एका खत कारखान्याच्या बाबतीत. त्या कारखान्याची आणि त्याच्यानंतरच्या गावांची गोष्ट आज सांगतो.

त्याआधी एक खुलासा. नाहीतर उद्या कोणी युरियाची गोणी बघून पळत सुटायचं.

आपण सगळ्यात जास्त वापरतो तो युरिया. त्यात ४६ टक्के नत्र. तो असा स्फोट होणारा पदार्थ नाही. त्याचे धोके वेगळे आहेत, खाली सांगतो. आजची गोष्ट आहे अमोनियम नायट्रेटची. दिसायला पांढरे दाणे, मिठासारखे किंवा साबुदाण्यासारखे. त्यात साधारण ३४ टक्के नत्र. युरोप-अमेरिकेत हे खत म्हणून कित्येक दशकं सरळ गोण्यांमध्ये विकलं गेलं. आपल्याकडे ते शुद्ध रूपात शेतकऱ्याला मिळत नाही. आपल्याकडे त्याचा मोठा खप कोळशाच्या खाणीत आणि दगडाच्या खदानीत, सुरुंगासाठी. पण त्याचे भाऊबंद आपल्या शेतात येतात. 'कॅन' म्हणजे कॅल्शियम अमोनियम नायट्रेट, त्यात चुनखडी मिसळलेली असते आणि तिच्यामुळे ते बरंच शांत होतं. नायट्रोफॉस्फेट पद्धतीने बनणाऱ्या काही मिश्र खतांमध्येही नायट्रेट असतं. नीट ठेवली तर ही खतं त्रास देत नाहीत. 'नीट' म्हणजे काय, एवढाच प्रश्न आहे.

आता या दाण्याचा स्वभाव समजून घेऊ. आग पेटायला हवा लागते, म्हणून आग लागली की घोंगडी टाका, झाकण लावा, हवा तोडा, हे आपल्याला लहानपणापासून माहीत. इथे ते चालत नाही. या दाण्याच्या पोटातच प्राणवायू आहे. तो स्वतः काडीसारखा पेटत नाही, पण शेजारी पेटलेल्याला प्राणवायू पुरवत राहतो. साधारण १७० अंशाला वितळतो, २०० च्या पुढे गेला की त्याचं विघटन व्हायला लागतं आणि वायू सुटतात. वायूंना बाहेर जायला वाट असेल, तर बऱ्याचदा आग जळून विझते. वाट नसेल, कोंडलं असेल, किंवा त्यात डिझेल, भुसा, कापूस, गंधक असलं काही मिसळलं असेल, तर तोच ढीग स्फोटक होतो. हे एवढं ध्यानात ठेवा. पुढच्या प्रत्येक गोष्टीत हेच आहे.

*ओप्पाऊ, जर्मनी, १९२१*

ऱ्हाईन नदीच्या काठी लुडविगशाफेनजवळ ओप्पाऊ नावाचं गाव. १९१३ मध्ये जगातला पहिला मोठा अमोनिया कारखाना इथे सुरू झाला. हवेतला नत्र पकडून खत बनवायची युक्ती फ्रिट्झ हाबर यांची, ती कारखान्यात उतरवली कार्ल बॉश यांनी. दोघांनाही पुढे नोबेल मिळालं. आज जगातल्या कोट्यवधी लोकांच्या ताटातलं अन्न या युक्तीवर पिकतं. आणि पहिल्या महायुद्धात याच युक्तीने जर्मनीला दारूगोळाही पुरवला. भाकरी आणि बारूद एकाच भट्टीतून निघाली.

युद्ध संपलं, कारखाना पुन्हा खताकडे वळला. एका सायलोत अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेट यांचं मिश्रण साठवलेलं होतं, सुमारे ४,५०० टन. हे मिश्रण ओल धरतं आणि घट्ट बसतं. आपल्या ढेप झालेल्या गोणीसारखंच, फक्त डोंगराएवढं. पहारीने फुटेना. मग कामगार काय करायचे? भोक पाडायचं, आत सुरुंगाची छोटी कांडी ठेवायची आणि उडवायची. ढेप सैल व्हायची.

वाचून आपल्याला वेड्यासारखं वाटतं. पण ती माणसं वेडी नव्हती. त्यांनी चाचण्या केल्या होत्या. मिश्रणात नायट्रेटचं प्रमाण निम्म्याच्या आसपास असेल तर ते उडत नाही, असा निष्कर्ष निघाला होता. आणि त्या भरवशावर असे सुरुंग एकदोनदा नाही, अंदाजे वीस हजार वेळा लावले गेले होते. वीस हजार वेळा काही झालं नाही.

२१ सप्टेंबर १९२१, सकाळी साडेसातच्या सुमारास सायलो उडाला. त्या ४,५०० टनांपैकी दहाव्या हिश्शाच्या आसपासच मालाचा स्फोट झाला, असं मानलं जातं. तेवढ्याने ५०० हून जास्त माणसं गेली, दोन हजारांच्या आसपास जखमी झाली. ओप्पाऊमधली बहुतेक घरं पडली. जिथे सायलो होता तिथे शंभरएक मीटर रुंद खड्डा उरला. स्फोटाचा आवाज तीनशे किलोमीटर लांबच्या म्युनिकपर्यंत गेला.

का झालं? कारखान्यातली वाळवायची पद्धत काही काळापूर्वी बदलली होती. नव्या पद्धतीचा माल जास्त कोरडा, जास्त मोकळा, आणि मिश्रण सगळीकडे सारखं नव्हतं. कुठे नायट्रेट कमी, कुठे जास्त. म्हणजे आधीच्या चाचण्या आणि आधीचे हजारो सुरुंग ज्या मालावर झाले, तो माल राहिलाच नव्हता. नाव तेच, ढीग तोच, सवयही तीच.

आणखी एक गोष्ट. याच्या दोनच महिने आधी, जुलै १९२१ मध्ये, अप्पर सायलेशियातल्या क्रिवाल्ड इथे रेल्वेच्या वॅगनमध्ये घट्ट झालेलं अमोनियम नायट्रेट असंच सुरुंग लावून सोडवताना स्फोट झाला होता आणि १९ माणसं गेली होती. म्हणजे इशारा मिळाला होता. पण दुसऱ्याच्या गावातला इशारा आपल्यासाठी असतो, असं कोणाला वाटत नाही.

*मुंबई १९४४ आणि टेक्सास सिटी १९४७*

आता आपल्या घरची एक तारीख घेतो. १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाज. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि त्याच जहाजावर कापसाच्या गाठी. खत नव्हतं, पण एकमेकांशेजारी ठेवू नयेत अशा वस्तू शेजारी होत्या. दुपारी धूर दिसला, बंब आले, जवान जहाजावर चढले, आणि चारच्या सुमाराला जहाज उडालं. सोन्याच्या विटा उडून लोकांच्या घरांवर पडल्या, ती गोष्ट आपण सगळ्यांनी आजोबांकडून ऐकलीय. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ६६ जण गेले, हे मात्र कमी जण सांगतात. त्यांच्यासाठीच दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. आपल्या नगरपालिकेसमोर बंब धुऊन हार घालून उभा करतात, तो यासाठी.

यानंतर तीन वर्षं आणि दोन दिवसांनी अमेरिकेत जवळपास तसंच घडलं. या वेळी जहाजात खत होतं.

टेक्सास सिटी हे मेक्सिकोच्या आखातावरचं बंदर. दुसरं महायुद्ध संपलेलं, युरोपातली शेती मोडून पडलेली, तिकडे खत पाठवायची घाई. ज्या सरकारी कारखान्यांत युद्धात दारूगोळा बनायचा, तिथेच आता अमोनियम नायट्रेटचं खत बनत होतं. ढेप होऊ नये म्हणून दाण्यांवर मेणासारखा तेलकट लेप दिला जायचा. कागदी पोत्यांत भरलेलं हे खत 'ग्रॅनकॅम्प' नावाच्या फ्रेंच जहाजात चढत होतं, दोन हजार टनांहून जास्त. आता वरचा स्वभाव आठवा. तेलकट लेप, कागद, बंद खण.

१६ एप्रिल १९४७. सकाळी आठच्या सुमारास खणात धूर दिसला. पाणी मारलं तर माल खराब होईल, म्हणून खणाची झाकणं बंद करून आत वाफ सोडायचं ठरलं. जहाजावरची आग विझवायची ती रुळलेली पद्धत होती. वाफेने हवा तुटते, आग गुदमरते. इतर मालासाठी पद्धत बरोबर. पण या मालाला हवेची गरजच नव्हती. वाफेने तो आणखी तापला आणि झाकणांनी कोंडला गेला.

जहाजातून नारिंगी रंगाचा सुंदर धूर निघत होता. बघायला लोक जमले. ९ वाजून १२ मिनिटांनी जहाज उडालं. गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलातले २८ पैकी २७ जण त्या क्षणी गेले. बघ्यांमधलेही कित्येक गेले. शेजारच्या 'हाय फ्लायर' जहाजात पण हेच खत होतं, वर गंधक होतं. ते त्या रात्री एकच्या सुमाराला उडालं. निदान ५८१ माणसं गेली. कित्येकांची ओळखही पटली नाही.

लोक सरकारविरुद्ध कोर्टात गेले. १९५३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल सरकारच्या बाजूने दिला. नुकसानभरपाईसाठी त्यांच्या संसदेला १९५५ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. आणि टेक्सास सिटीनंतर तीनच महिन्यांनी, २८ जुलै १९४७ ला, फ्रान्सच्या ब्रेस्ट बंदरात तीन हजार टनांहून जास्त अमोनियम नायट्रेट असलेलं दुसरं जहाज पेटलं आणि उडालं. तीन महिन्यांत समुद्रापलीकडे किती शिकणं पोचलं ते बघा.

*गाव वाढत वाढत गोदामापाशी*

२१ सप्टेंबर २००१. तारीख ओळखीची वाटते? ओप्पाऊला त्या दिवशी बरोबर ८० वर्षं झाली होती. फ्रान्समधल्या तुलूज शहरात ए-झेड-एफ नावाचा खत कारखाना. तिथल्या एका गोदामात दर्जात न बसलेलं, बाजूला काढलेलं सुमारे ३०० टन अमोनियम नायट्रेट पडून होतं. ते उडालं. ३१ मृत्यू, हजारो जखमी, शहरभर काचांचा खच. दहाच दिवसांपूर्वी न्यूयॉर्कचे मनोरे पडले होते, त्यामुळे आधी सगळ्यांना घातपात वाटला. खटला वर्षानुवर्षं चालला. शेवटी न्यायालयाने मान्य केलं ते कारण फार साधं होतं. क्लोरीन असलेलं दुसरं एक रसायन चुकून त्या मालात मिसळलं गेलं. बाजूला टाकलेला माल, त्यामुळे त्याच्याकडे लक्ष कमी.

हा कारखाना १९२० च्या दशकात बांधला तेव्हा शहराबाहेर होता. शहर वाढत वाढत त्याच्या भिंतीला येऊन टेकलं. त्यानंतर फ्रान्सने २००३ मध्ये कायदा करून अशा कारखान्यांभोवती कुठे बांधायचं आणि कुठे नाही, ते ठरवायला सुरुवात केली.

अमेरिकेत टेक्सास राज्यातच 'वेस्ट' नावाचं छोटं गाव आहे, आपल्या एखाद्या बाजारपेठेच्या गावाएवढं. तिथे शेतकऱ्यांना खत विकणारं एक दुकान-गोदाम. लाकडी इमारत, लाकडी कप्पे, त्यात अमोनियम नायट्रेट. सुरुवातीला आजूबाजूला माळ होता. मग शाळा आली, घरं आली, वृद्धांचं निवासस्थान आलं. १७ एप्रिल २०१३ च्या संध्याकाळी आग लागली. गावातले स्वयंसेवक धावले. आग दिसल्यापासून साधारण वीस मिनिटांत स्फोट झाला. १५ माणसं गेली, त्यातली बहुतेक आग विझवायला किंवा मदतीला आलेली. शाळेचं मोठं नुकसान झालं. संध्याकाळ होती म्हणून शाळेत मुलं नव्हती. सकाळी अकरा वाजता हेच झालं असतं तर काय, याचा विचार करवत नाही.

बैरूत तर आपण सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलंय. 'रोसस' नावाचं जहाज २०१३ मध्ये बैरूत बंदरात अडकलं. त्यातलं २,७५० टन अमोनियम नायट्रेट बारा नंबरच्या गोदामात उतरवलं आणि तिथेच राहिलं. सहा वर्षं. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी कोर्टाला पत्रं लिहिली, पुन्हा लिहिली. फायली या टेबलावरून त्या टेबलावर गेल्या. त्याच गोदामात फटाकेही होते. ४ ऑगस्ट २०२० ला संध्याकाळी आग लागली. अग्निशमन दलाचं पथक पाठवलं गेलं, आत काय आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्या पथकातले दहाही जण गेले. एकूण मृत्यू २०० हून जास्त, सुमारे तीन लाख लोक बेघर.

*आणि आपण?*

बैरूतनंतर आपल्याकडेही धावपळ झाली. चेन्नईजवळ मनाली इथे ३७ कंटेनर भरून, सुमारे ७०० टन अमोनियम नायट्रेट २०१५ पासून जप्त होऊन पडलं होतं. आसपास वस्ती. बैरूतची चित्रं टीव्हीवर आली आणि ते काही दिवसांत हैदराबादकडे हलवलं गेलं. पाच वर्षं जे होत नव्हतं ते झालं. चांगलंच झालं. पण त्यासाठी दुसऱ्या देशात दोनशे माणसं जावी लागली.

आपल्याकडे कायदा आहे. मुंबईतल्या जुलै २०११ च्या बॉम्बस्फोटांच्या पाठोपाठ, त्याच महिन्यात, केंद्राने ४५ टक्क्यांहून जास्त अमोनियम नायट्रेट असलेल्या मालाला स्फोटक ठरवलं. २०१२ मध्ये अमोनियम नायट्रेट नियम आले. परवान्याशिवाय बनवणं, साठवणं, वाहून नेणं, विकणं बंद. ज्या खतांमधून अमोनियम नायट्रेट वेगळं काढता येत नाही ती खतं यातून वगळली, शेतकऱ्याची अडचण नको म्हणून. हे सगळं बघणारी केंद्राची संस्था, पेसो, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. बैरूतनंतर २०२१ मध्ये नियम आणखी कडक झाले. बंदरावर माल गोण्यांतूनच हाताळायचा, बंदरापासून ५०० मीटर लांबच्या गोदामात न्यायचा, आग विझवायची पुरेशी सोय ठेवायची, जप्त मालाचा वेळेत लिलाव करायचा.

कागद चांगला आहे. पण कागद मोठ्या कारखान्याला आणि बंदराला लागू. आपल्या यार्डामागच्या गोदामात रोज संध्याकाळी काय होतं, ते कागद बघायला येत नाही. तिथे आपणच.

आता तब्येतीचं आणि रोजच्या वापराचं. स्फोट शंभर वर्षांत मोजके, हे त्रास मात्र दरवर्षी होऊ शकतात.

*धूर.* नायट्रेट असलेलं खत तापलं की तांबूस-नारिंगी धूर येतो. त्यात नायट्रोजन डायऑक्साइड असतो. हा वायू कपटी. घेतला की थोडा खोकला येतो, घसा जळजळतो, मग बरं वाटतं. माणूस घरी जातो, जेवतो, झोपतो. आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी भरून श्वास लागतो. म्हणून असा धूर ज्याच्या छातीत गेला त्याला बरं वाटत असलं तरी लगेच डॉक्टरकडे न्या, आणि 'खताचा धूर' हे शब्द डॉक्टरांना सांगा. किमान एक दिवस देखरेख हवी.

*आग.* सुरुवातीची, छोटी, खताला न पोचलेली आग असेल तर भरपूर पाणी. माती टाकून, शटर पाडून, दारं लावून गुदमरवू नका. दारं-खिडक्या उघड्या राहू द्या. आग थप्पीला लागली असेल, नारिंगी धूर असेल, तर शूरपणा नको. माणसं लांब न्या, वाऱ्याच्या उलट्या बाजूला, आणि बंबाला फोनवरच सांगा की आत कोणतं खत आहे, किती आहे.

*साठवण.* डिझेल, ऑइल, भुसा, सरकी, कापूस, गंधकाची पावडर, ब्लिचिंग पावडर, कीटकनाशकं या खतापासून वेगळी, शक्य तर वेगळ्या खोलीत. थप्पी भिंतीला आणि दिव्याला टेकलेली नको. गोदामात वेल्डिंग करायचंच असेल तर आधी माल हलवा. विडी बाहेर. सांडलेलं खत झाडून उचला. डिझेल सांडलेल्या फरशीवरचं खत पुन्हा गोणीत भरू नका. ढेप झाली तर लाकडी दांडक्याने फोडा. उष्णता नको, आणि सुरुंग तर नकोच नको.

*जनावरं.* इथे युरिया पण आला. युरिया कालवलेल्या बादलीतलं पाणी गाय-बैल प्यायले, किंवा सांडलेलं खत मिठासारखं चाटलं, तर पोटात अमोनिया तयार होऊन जनावर तासाभरात आडवं होऊ शकतं. नायट्रेटने रक्ताची प्राणवायू नेण्याची ताकद जाते. फवारणीची बादली वेगळी ठेवा, रंग लावून ठेवा. खाल्ल्याचा संशय आला तरी गुरांच्या डॉक्टरांना लगेच बोलवा, वाट बघू नका.

*लेकरं.* १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात कॉमली नावाच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की विहिरीच्या पाण्यातल्या नायट्रेटमुळे तान्ही बाळं निळी पडतात. खत, शेणखताचे उकिरडे, संडासाचे शोषखड्डे, सगळ्यांतून नायट्रेट पाण्यात उतरतं. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटून आणखी दाट होतं. घरात वरच्या दुधावरचं तान्हं बाळ असेल आणि पाणी शेतातल्या विहिरीचं असेल, तर एकदा तपासून घ्या. आणि खताची रिकामी गोणी धुऊन त्यात धान्य भरणं सोडा. मीही आजवर भरलंय, आता नाही.

शेवटचं. परवा आपल्या बंबावरच्या एका जवानाला भेटलो, ओळखीचा पोरगा आहे. त्याला विचारलं, "यार्डामागच्या गोदामांत काय काय आहे, माहितीय का रे?" म्हणाला, "खत असंल की काका." कोणतं, किती, शेजारी काय, काही माहीत नाही. त्याची चूक नाही. त्याला कोणी कागदच दिलेला नाही. मुंबई, टेक्सास सिटी, वेस्ट, बैरूत, प्रत्येक ठिकाणी आधी तीच पोरं गेली जी आपल्यासाठी धावत आली होती.

म्हणून येत्या ग्रामसभेत आणि नगरपालिकेत मी एकच मागणी लेखी देणार आहे. तालुक्यातल्या प्रत्येक खत गोदामाची यादी, त्यात माल कोणता आणि किती, शेजारी शाळा-दवाखाना किती अंतरावर, ही दर हंगामाला बंबाच्या गाडीत असावी. खर्च काही नाही. एक कागद आणि एक सही. ज्यांना सही करायची आहे त्यांनी या रविवारी सकाळी यार्डाच्या चहाच्या टपरीवर या. दुकानदार मंडळींनीही या, ही मागणी तुमच्याविरुद्ध नाही. गोदाम पेटलं तर सगळ्यात आधी तुम्हीच आत असणार.

त्या दिवशीच्या मालकांना ओप्पाऊची गोष्ट सांगितली. ऐकून घेतली. मग उठून त्यांनी स्वतः तो कॅन उचलला आणि बाहेर लिंबाखाली नेऊन ठेवला. वीस वर्षं काही झालं नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. एकविसाव्या वर्षीही काही होऊ नये, एवढंच.